माध्यमिक शाळा आणि धंदेशिक्षण

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय माध्यमिक शाळांतील धंदेशिक्षण हा आहे. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. पुढे अध्यापनाची पदविका घेऊन मास्तर झालो आणि सारी नोकरी बहुतेक सातवीला गणित शिकविण्यात गेली. शिक्षणशास्त्राचा मी पंडित नव्हे. म्हणून सिद्धांताने आरंभ न करता माझ्या हातून घडलेल्या एका चुकीची हकीकत प्रथम सांगतो.

आमच्या शाळेत आठवीपासून तांत्रिक विषयांची तुकडी होती. सुतारकाम, जोडकाम आणि यांत्रिक रेखाचित्र हे विषय तीत शिकवीत. या तुकडीसाठी सातवीच्या शिक्षकांनी मुले सुचवावीत अशी पद्धत होती. एका वर्षी मी गुणपत्रक पुढे घेतले आणि तळाची वीस नावे उतरवून यादी पुरी केली. असे कर, असे मला कोणी सांगितले नव्हते. का केलेस, असेही कोणी विचारले नाही. यादी मी भर वर्गात वाचून दाखविली. तीत एका गवंड्याचा मुलगा होता. भूमितीची सिद्धता त्याला पाठ होत नसे. मात्र वर्गातील मोडके बाक तोच नीट करी. त्याचे नाव येताच पोरे हसली. जूनमध्ये आठवीचा वर्ग सुरू झाला तेव्हा तो आला नाही. पुढेही कधी आला नाही.

पुष्कळ वर्षांनी मी लहानसे घर बांधावयास काढले. पाया आखण्यासाठी जो मिस्त्री आला, तो हाच. त्याने खुंट्या ठोकल्या आणि लाईनदोरी ताणली. कोपऱ्यापासून एका दोरीवर तीन फुटांवर व दुसरीवर चार फुटांवर खूण केली. दोन खुणांमधील तिरपे अंतर बरोबर पाच फूट येईतो दुसरी दोरी सरकविली आणि मग चुन्याची फक्की टाकली. कोपरा काटकोनात आला होता. तीनाचा वर्ग नऊ, चाराचा सोळा, बेरीज पंचवीस, म्हणजे पाचाचा वर्ग! मी म्हणालो, "अरे, हा तर पायथागोरसचा सिद्धांत." तो दोरी गुंडाळीत म्हणाला, "गुरुजी, तुम्ही फळ्यावर शिकवीत होता ते हेच, असे तेव्हा कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. मला तर हे बापामुळे आधीच येत होते."

श्रोतेहो, माझ्या वर्गात ज्ञान एका बाजूस होते आणि हात दुसऱ्या बाजूस. त्या दोहोंची गाठ घालून देणे हे माझे काम होते. मी मात्र हाताला शिक्षा म्हणून एका तुकडीत पाठविले.

हा दोष माझ्या एकट्याचा नाही. त्याला मोठी परंपरा आहे. १८८२ च्या हंटर आयोगाने हायस्कुलाच्या वरच्या वर्गांत दोन वाटा असाव्यात असे सुचविले: एक विद्यापीठाकडे जाणारी, दुसरी व्यवहारोपयोगी. १९३७ साली वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि उद्योगाच्या द्वारेच सर्व विषय शिकवावेत हा विचार पुढे आला. त्याचा अभ्यासक्रम झाकिर हुसेन समितीने आखला. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाचा आग्रह धरला. १९८८ पासून केंद्र सरकारच्या साहाय्याने अकरावी-बारावीत व्यवसाय-अभ्यासक्रम निघाले. तरीही बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजाप्रमाणे आपल्याकडील १९ ते २४ वयाच्या काम करणाऱ्यांत रीतसर धंदेशिक्षण घेतलेले शेकडा ५ हूनही कमी होते. जर्मनीसाठी हाच आकडा शेकडा ७५ आणि दक्षिण कोरियासाठी ९६ असा दिला जातो.

योजनांची उणीव नव्हती, मग हे असे का? माझ्या मते दुसरी वाट ही नेहमी उरलेल्यांची वाट ठरली. कार्यानुभवाचा तास हा पुष्कळ शाळांत गणिताची मागे पडलेली प्रकरणे उरकण्याचा तास झाला. माझ्याकडेही तो तसाच झाला. आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. गवंड्याच्या मुलाने थापी धरावी आणि कारकुनाच्या मुलाने लेखणी, एवढाच धंदेशिक्षणाचा अर्थ असेल, तर ती जातीची जुनीच उतरंड नव्या नावाने रचण्यासारखे होय. असे शिक्षण कष्टकरी आईबापांनी नाकारले तर त्यांना दोष देता येणार नाही.

यावर उपाय एकच दिसतो: निवड नको, सर्वांस द्या. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापिला. तेथून निघालेल्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातील एक दिवस प्रत्यक्ष कामास देतात. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य अशी कामाची चार अंगे आहेत. मुले व मुली, हुशार व मंद, असा भेद तेथे नाही. लोखंड जोडताना मोजमाप व खर्चाचा हिशेब येतो, रोपे वाढविताना जीवशास्त्र येते. गणित सोडून कोणी सुतारकामाला जात नाही. सुतारकामातून तो गणिताकडे येतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांजवळ शिकावे असे म्हटले आहे. दहा दिवस थोडे खरे. परंतु ते मुलांनी खरोखरच कामावर घालविले की कागदावर, हे पाहणे आपल्या, म्हणजे शहरातील सुशिक्षित पालकांच्या हाती आहे. शाळेत गुण विचारावयास जाता तेव्हा हेही विचारा. आणि मुलाने स्वतः केलेला वाकडा पाट घरी आणला तर त्यावर बसून जेवा.

पाया आखून झाल्यावर मी त्या मिस्त्र्याला चहा दिला, मजुरी दिली. त्या यादीबद्दल क्षमा मागावी असे मनात होते. पण मास्तरकीचा ताठा आडवा आला. तो हे भाषण ऐकत असेल किंवा नसेल. जे तेव्हा बोललो नाही ते आज बोलतो: बाबा रे, चूक माझी होती.