हिवाळ्याचे चित्र आणि संक्रांतीचे भेटकार्ड

(केंद्रातील शिक्षण परिषदेत शिक्षकांपुढे केलेले भाषण)



संक्रांत आता पाच आठवड्यांवर आली आहे. शाळाशाळांतून भेटकार्डे करण्याची लगबग लवकरच सुरू होईल. म्हणून आजच्या परिषदेत एकच लहानसा विषय आपणांपुढे मांडण्याचे मी योजिले आहे. जलरंगांत हिवाळ्याचे निसर्गचित्र काढून त्याचे भेटकार्ड कसे करावे, हा तो विषय. हा विषय कलेच्या तासिकेत बसवावा की कार्यानुभवाच्या, याची चर्चा मध्यंतरात चहाबरोबर करता येईल.

गतवर्षी शाळाभेटींच्या निमित्ताने मुलांनी केलेली कितीतरी भेटकार्डे माझ्या पाहण्यात आली. त्यांतील बहुतेकांवर बर्फ होते. उतरत्या छपराचे लाकडी घर, छपरावर बर्फाची दुलई, दोहों बाजूंस सूचिपर्णी वृक्ष, आणि खाली ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’! ज्या मुलांनी ही चित्रे काढली, त्यांनी बर्फ पाहिले असेल तर ते यात्रेतल्या गारेगारवाल्याच्या पेटीत. यात दोष मुलांचा नव्हे. समोर जे छापील चित्र असते, त्याचीच नक्कल होते. नाताळच्या छापील कार्डाची चाल मुळात लंडनची. १८४३ साली हेन्री कोल या गृहस्थांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळचे एक कार्ड काढवून घेतले व ते छापून विक्रीस ठेविले. गंमत अशी की, त्या कार्डावर बर्फ नव्हतेच. मेजाभोवती जमलेले एक कुटुंब मधोमध होते आणि दोहों अंगांस गोरगरिबांना अन्नवस्त्र देण्याची दृश्ये होती. बर्फाची दृश्ये त्या देशांतील कार्डांवर पुढे रूढ झाली, कारण त्यांचा हिवाळाच तसा असतो. त्यांनी आपला हिवाळा रंगविला. आपण त्यांचाच रंगवीत बसलो आहोत, एवढीच माझी तक्रार आहे.

आपला हिवाळा रंगविण्याजोगा नाही काय? पौषातल्या सकाळी सात वाजता गावाबाहेरच्या टेकाडावर उभे राहून पाहावे. शाळूची कणसे भरू लागलेली असतात, त्यांवर भोरड्यांचे थवे उतरतात आणि गोफणीच्या आवाजासरशी एकदम उठतात. उसाला रुपेरी तुरे आलेले असतात. करडई पिवळी-नारिंगी फुललेली असते. माळावरचे गवत वाळून पिवळट झालेले असते, काटेसावरीने पाने टाकलेली असतात. ओढ्यावर धुके असते. आणि गावातील चुलींचा धूर? तो उन्हाळ्यातल्याप्रमाणे सरळ वर जात नाही. घरांच्या थोडा वर जाऊन तो आडवा पसरतो व पांढऱ्या पंचासारखा गावावर तरंगत राहतो. याचे कारण पाचवीसहावीच्या मुलांस सहज सांगता येईल. निरभ्र रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवाही थंड होते, आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर राहतो. धूर त्या थराशी अडतो. ऊन तापले की हा थर मोडतो व धूर पुन्हा वर जाऊ लागतो. चित्रात ही आडवी धूररेषा आली की वेळ सकाळची व ऋतू हिवाळ्याचा, हे निराळे लिहावे लागत नाही.

म्हणून कुंचला हाती देण्यापूर्वी एक सकाळ मुलांना बाहेर न्यावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. चित्र तेथे काढावयाचे नाही, केवळ पाहावयाचे. सर्वांत दूर काय दिसते, त्याचा रंग कोणता, जवळच्या झाडाचा कोणता, एवढेच प्रश्न विचारावेत. डोंगर हिरवा असतो असे वर्गात सांगणारी मुले तेथे आपण होऊन ‘निळा’ म्हणतात. दूरची वस्तू व आपला डोळा यांमधील हवेत निळा प्रकाश अधिक विखुरला जातो, म्हणून हे घडते.

आता हे कार्ड कोणासाठी करावयाचे, याविषयी दोन शब्द. आपल्या तालुक्यातील अनेक शाळांत दिवाळीनंतर पट कायम राहतो, परंतु बाके रिकामी होतात. आईवडील ऊसतोडीस जातात. काही मुले त्यांच्याबरोबर जातात, काही आजीआजोबांपाशी वा हंगामी वसतिगृहात राहतात. मागे राहिलेल्या या मुलांची संक्रांत आईवडिलांवाचून होते. छापील कार्डाची देवघेव वर्गातल्या वर्गात करण्यापेक्षा या मुलांनी आपल्या गावचा हिवाळा रंगवून तो फडावर पाठवावा, यासारखा उपयोग दुसरा नाही. ज्यांना अक्षरओळख नाही अशा आईबापांनाही चित्र वाचता येते.

एका शाळेत गेल्या वर्षी हा प्रयोग झाला. तिसरीतील एका मुलीने आपले घर काढले आणि दाराला कुलूप काढले. सणाच्या कार्डावर कुलूप बरे दिसत नाही, दार उघडे काढ, असे बाईंनी तिला सुचविले. ती म्हणाली, “बाई, कुलूपच हाय. किल्ली आजीकडं हाय.” बाईंनी पुढे काही सांगितले नाही, हे त्यांनी फार चांगले केले. कार्ड गेले. आठवड्याने रात्री मुकादमाच्या दूरध्वनीवरून वडिलांचे बोलणे आले. त्यांनी कार्डाची स्तुती केली नाही. ते म्हणाले, “आगं, परड्यातला शेवगा कुठं गेला?” ते गेल्यानंतरच्या अवकाळी पावसात शेवगा मोडून पडला होता. घरात ही वार्ता त्यांस कोणी कळविली नव्हती. मुलीने मात्र जे होते तेच काढले होते आणि जे नव्हते ते काढले नव्हते. वडिलांनी ते चित्र किती बारकाईने पाहिले असेल, याचा विचार आपणच करावा.

साहित्याकडे वळतो. बावीस इंच बाय तीस इंच मापाचा चित्रकलेचा जाड कागद घ्यावा. त्याचे दोन्हीकडून चार-चार भाग केले असता साडेपाच बाय साडेसात इंचांचे सोळा तुकडे होतात. चाळीस मुलांच्या वर्गास तीन कागद पुरून आठ तुकडे उरतात, ते रंगांच्या चाचणीस उपयोगी पडतात. पातळ कागद घेऊ नये, तो पाण्याने सुरकुततो. घडी वरच्या बाजूस येईल अशी योजावी, म्हणजे दर्शनी भाग आडवा राहतो व निसर्गचित्रास तोच सोयीचा. तुकडा उभा धरून खालच्या अर्ध्या भागात चित्र काढावे. घडी मात्र रंग पुरता वाळल्यावरच घालावी. पट्टी धरून संपलेल्या पेनाच्या टोकाने आधी एक खोलगट रेघ ओढली तर घडी सरळ येते. फळा म्हणून जुनी पाटी उत्तम. चिकटपट्टीने कागदाच्या कडा पाटीवर बसवाव्यात.

रंग पाच पुरेत : अल्ट्रामरीन निळा, पिवळी माती म्हणजे यलो ऑकर, बर्न्ट सिएना, लाल व पिवळा. पेटीतील काळी वडी शिक्षकांनी प्रथमच काढून आपल्या खिशात ठेवावी. अल्ट्रामरीन व बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणातून जो करडा निघतो, तो पहाटेच्या सावलीचा करडा असतो. काळ्यातून निघतो तो काजळीचा. पांढरी वडीही नको. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा राखलेला कागद. सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर (१८८२–१९६८) यांचे हाताआड दिवा धरलेल्या स्त्रीचे प्रसिद्ध चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. पुष्कळ लोक ते तैलचित्र समजतात, परंतु ते जलरंगातील आहे. त्याची छापील प्रत वर्गात दाखवून ‘उजेड कोठे आहे?’ असे विचारावे. पांढरा बैल, ओढ्याचे चमकते पाणी, पतंग ही स्थळे आधीच हलक्या पेन्सिलीने आखून कोरी राखावीत. लहान मुलांना ते जमत नाही. त्यांना मेणबत्तीचा तुकडा द्यावा. मेण घासलेल्या जागी पाणी धरत नाही व कागद पांढरा राहतो. बगळे आणि दंव यांसाठी ही युक्ती छान आहे.

काम सकाळच्या पहिल्या तासाला करावे. गारव्याने कागद सावकाश वाळतो आणि मुलांस सवड मिळते. दुपारी दोनच्या उन्हात लेप पसरण्यापूर्वीच कडा धरतो. प्रथम चित्राचा वरचा दोन तृतीयांश भाग स्वच्छ पाण्याने भिजवावा. क्षितिजापाशी पिवळ्या मातीचा अगदी पातळ हात, त्यात लालाचा किंचित अंश, आणि वरून खाली उतरत येणारा पातळ निळा. कागदावरची चकाकी मावळू लागली, परंतु ओल आहे, अशा वेळी करड्या-निळ्याने डोंगराची रेघ टेकवावी. तिची कडा आपोआप विरघळते. तेच धुके. येथे घाई केली तर डोंगर आभाळात वाहून जातो, उशीर केला तर कात्रीने कापल्यासारखा दिसतो. हा क्षण शब्दांनी शिकविता येत नाही, म्हणून उरलेले आठ तुकडे येथे खर्ची घालावेत. अर्धवट वाळलेल्या लेपावर पाण्याचा थेंब पडला तर फुलकोबीसारखा डाग उमटतो. मूल रडकुंडीला येते. वाळल्यावर त्या डागाचे आंब्याचे झाड करावे.

आता कागद पूर्ण वाळू द्यावा. नंतर मधले गाव : चिंच, लिंब, देवळाचे शिखर, सर्व एकाच मध्यम छटेत, बारकावे न दाखविता. रंग ओला असतानाच पिळलेल्या फडक्याने छपरांवरून एक आडवा पट्टा टिपून घेतला की चुलींचा धूर तयार होतो. सर्वांत शेवटी जवळचे शेत. येथे रंग दाट व उबदार. शाळूची चार ताटे कोरड्या कुंचल्याने उभी ओढावीत, चाळीस नकोत. थंड देशांतले चित्रकार ओल्या लेपावर मीठ टाकून हिमकणांचा भास करतात. आपण खडेमिठाचे चार खडे बांधाच्या गवतावर टाकावेत. मीठ भोवतालचे पाणी ओढते, रंग सरकतो आणि दंवाच्या चांदण्या उमटतात. वाळल्यावर मीठ झाडून टाकावे.

आतील बाजूस छापील शुभेच्छेची नक्कल करवू नये. मुलाने स्वतःच्या बोलीत घरची एक बातमी लिहावी. शुद्धलेखन तपासावे, वाक्य तपासू नये. पत्ता ही थोडी अवघड बाब आहे, कारण टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर हलते. मुकादमाचे नाव, ‘कारखान्याच्या शेतकी विभागामार्फत’ हे शब्द, गाव, तालुका, जिल्हा व सहा अंकी पिनकोड एवढे असावे. मुकादमाचे नाव पालकांकडून आताच मागवून घ्यावे. कार्डे संक्रांतीच्या किमान दहा दिवस आधी टपालात पडली पाहिजेत. आणि जी मुले आईवडिलांबरोबर गेली आहेत, त्यांनाही वर्गाच्या वतीने एकेक कार्ड जावे. त्यांची नावे अद्याप आपल्याच हजेरीपटावर आहेत.

पलीकडच्या खोलीत पाट्या, कागद व पाण्याची भांडी मांडून ठेविली आहेत. प्रत्येकाने एक तुकडा घ्यावा. काळ्या वड्या मी काढून ठेविल्या आहेत.