ताप एक, आकडे दोन



देवनारच्या एखाद्या सुशिक्षित घरांत एका दिवसांत उष्णतेचे किती निरनिराळे आकडे उच्चारले जातात, याचा विचार करून पाहा. सकाळीं नभोवाणीवरून सांताक्रूझचें उष्णतामान कळतें, तें सेल्सिअस अंशांत. दुपारीं नातवाचें अंग तापलें, तर आजी ज्वरमापक पाहून म्हणते, "एकशेदोन भरला कीं हो!" हे अंश फॅरनहाइटचे. संध्याकाळीं अमेरिकेंतील लेक दूरध्वनीवरून सांगते, "आई, आज इथें चाळीस आहे," आणि आईला वाटतें, पोर उन्हानें भाजून निघाली असेल. वस्तुतः ती बिचारी फॅरनहाइटच्या ४० अंशांत, म्हणजे सेल्सिअसच्या साडेचार अंशांच्या आसपास, लोकरीच्या कपड्यांत कुडकुडत असते. आकड्यामागें कोणतें माप उभें आहे हें कळल्यावांचून आकड्याला अर्थ नाहीं. हीच गोष्ट आज थोडी उलगडून सांगावयाची आहे.

हीं दोन मापें कोठून आलीं? डान्झिगमध्यें जन्मलेल्या व हॉलंडमध्यें उपकरणें बनविणाऱ्या डॅनियल फॅरनहाइट यानें १७२४ सालीं आपलें माप प्रसिद्ध केलें. बर्फ, पाणी व नवसागर यांच्या मिश्रणाची थंडी त्यानें शून्य धरली आणि निरोगी माणसाच्या अंगची ऊब ९६ मानली. पुढें त्या मापाची फेरजुळणी होऊन पाणी गोठण्याचा बिंदु ३२ व उकळण्याचा २१२ असा स्थिर झाला. स्वीडनचा ज्योतिर्विद अँडर्स सेल्सिअस यानें १७४२ मध्यें याच दोन बिंदूंच्या दरम्यान शंभर भाग पाडले. मौज अशी कीं, त्यानें उकळत्या पाण्याला शून्य आणि बर्फाला शंभर दिले होते! त्याच्या मागून तें माप उलटें, म्हणजे आपल्या दृष्टीनें सुलटें, करण्यांत आलें. 'सेंटिग्रेड' हें जुनें नांव जाऊन 'सेल्सिअस' हें नांव १९४८ सालीं आंतरराष्ट्रीय परिषदेनें मुक्रर केलें. भारतानें १९५६ च्या कायद्यानें मेट्रिक मापें स्वीकारलीं. शेर गेले, मैल गेले, पण घरांतल्या ज्वरमापकावरून फॅरनहाइट मात्र हलला नाहीं.

गोठण्यापासून उकळण्यापर्यंत सेल्सिअसचे १०० अंश, तर फॅरनहाइटचे १८०. म्हणजे सेल्सिअसचा एक अंश फॅरनहाइटच्या १.८ अंशांएवढा, शिवाय गोठणबिंदु एकाचा शून्य, तर दुसऱ्याचा ३२. हा हिशेब पाटीपेन्सिलीवांचून करावयाचा, तर सेल्सिअसचा आकडा दुप्पट करावा, त्या दुपटींतून तिचाच दहावा भाग वजा करावा आणि ३२ मिळवावे. ३५ ची दुप्पट ७०. त्यांतून ७ गेले, राहिले ६३. ३२ मिळवून ९५. सांताक्रूझला १४ एप्रिल १९५२ रोजीं उष्णतामान ४२.२ वर गेलें होतें. या रीतीनें तें फॅरनहाइटचे १०८ भरतें. तेथेंच २२ जानेवारी १९६२ रोजीं तें ७.४ पर्यंत उतरलें, म्हणजे फॅरनहाइटच्या सुमारें ४५ वर. उलट जावयाचें असल्यास आधीं ३२ वजा करावे, उरलेल्याचें निम्में करावें आणि त्यांत त्या निम्म्याचाच नववा भाग मिळवावा. १०४ मधून ३२ गेले, ७२, निम्मे ३६, नववा भाग ४, एकूण ४०. अमेरिकन पाकपुस्तकांत केकसाठीं सांगितलेले ३५० याच रीतीनें आपल्या ओव्हनवर सुमारें १७७ होतात.

परंतु हा हिशेब खऱ्या अर्थानें कामाला येतो तो आजारपणांत. रुग्णालयाच्या तक्त्यावर ताप पुष्कळदां सेल्सिअसमध्यें लिहिलेला असतो; आणि हल्लींच्या अनेक विजेरीवरच्या ज्वरमापकांत तर एक कळ दाबतांच माप बदलतें. फॅरनहाइटला सरावलेल्या कानांना '३८ चे ३९ झाले' हें 'एकच अंश वाढला' असें वाटतें. पण ३८ म्हणजे १००.४, ३९ म्हणजे १०२.२ आणि ४० म्हणजे १०४. सेल्सिअसचा एक अंश चढला कीं आजीच्या मापानें जवळजवळ दोन अंश चढतात. तीन महिन्यांच्या आंतील बालकाचा ताप ३८ सेल्सिअसपर्यंत पोहोंचला, तर वेळ न दवडतां त्याला डॉक्टरांकडे न्यावें, असा वैद्यकाचा दंडक आहे. १००.४ हा आकडा थोरांच्या बाबतींत 'थोडी कसर आहे' म्हणून सोडून दिला जातो. तान्ह्या मुलाच्या बाबतींत तसें करणें धोक्याचें आहे.

आणखी एक भ्रम तर रूपांतरामुळेंच जन्मला आहे. जर्मनीचे डॉक्टर कार्ल वुंडरलिख यांनीं सुमारें २५,००० रोग्यांच्या नोंदींवरून १८६८ सालीं निरोगी शरीराचें सरासरी उष्णतामान ३७ सेल्सिअस म्हणून मांडलें. सरासरीच ती, तेव्हां ढोबळ असावयाचीच. तिचें फॅरनहाइट केलें तेव्हां ९८.६ आलें, आणि त्या दशांशामुळें आकड्याला उगाच सोनाराच्या कांट्याची ऐट चढली. मग ज्वरमापकावर ९९ दिसतांच घरांत चिंता सुरू होते! वास्तविक निरोगी माणसाचेंहि उष्णतामान पहाटे कमी आणि सायंकाळीं जास्त असतें. १९९२ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत तर सरासरी ९८.२ निघाली. मूळ लेखकाच्या मनांत नसलेलें भाषांतरकारानें सांगूं नये. तसेंच मूळ मापांत नसलेल्या सूक्ष्मतेचा दावा रूपांतरानें करूं नये.

शेवटची खबरदारी फरकाची. हवामान खात्याच्या निकषांप्रमाणें किनारपट्टीवर कमाल उष्णतामान निदान ३७ असलें आणि तें नेहमींपेक्षां ४.५ अंशांनीं किंवा त्याहून जास्त असलें, म्हणजे उष्णतेची लाट समजतात. यांतील ३७ हें प्रत्यक्ष उष्णतामान आहे, त्याचे ९८.६ होतात. ४.५ हा मात्र दोन उष्णतामानांतील फरक आहे, त्याचे ८.१ च होतात. तेथेंहि कुणी सवयीनें ३२ मिळवले, तर 'नेहमींपेक्षां चाळीस अंशांनीं अधिक' असें भलतेंच उत्तर येईल. उष्णतामान सांगावयाचें तेव्हां ३२ धरावे, फरक सांगावयाचा तेव्हां ते सोडावे.

तात्पर्य, घरांत तापाची नोंद ठेवतांना आकड्याबरोबर वेळ लिहावी आणि आकड्यापुढें 'फॅ' किंवा 'से' हें अक्षर न विसरतां घालावें. ज्वरमापक एकाच मापावर कायम ठेवावा. आणि औषधांच्या कपाटाच्या दारावर चार जोड्या लिहून ठेवाव्या: ३७ म्हणजे ९८.६, ३८ म्हणजे १००.४, ३९ म्हणजे १०२.२, ४० म्हणजे १०४. रात्रीं दोन वाजतां मूल कण्हत असतां कुणालाहि गुणाकार सुचत नाहीं; त्या वेळीं ती चिठ्ठीच उपयोगी पडेल.