डॉट, डॅश आणि मोटरचा स्टार्टर



बारामतीची गाडी ज्या दौंडला जाऊन मिळते, तिथे १९२७ साली विलायतेचे बिनतारी संदेश थेट उतरू लागले. मार्कोनीच्या बीम पद्धतीची ही सेवा. प्रक्षेपण खडकीहून, ग्रहण दौंडला. पलीकडे इंग्लंडात तीच जोडी टेटनी आणि स्केगनेस इथे. मोर्स असा भरधाव यायचा, की तारबाबूच्या कानाला तो झेपणं शक्य नव्हतं. यंत्राची सुई कागदाच्या फितीवर शाईनं चढउतार काढी आणि माणूस ते वाचून टंकित करी. तेव्हा मोर्स यंत्राकडून टिपून घेणं या भागाला काही नवं नाही.

संगणकाच्या साउंडकार्डाला रेडिओ सेटची वायर जोडली, मोर्ससाठी एफएलडिजी किंवा टेलिटाइपसाठी एमएमटीटीवाय उघडलं, की काम झालं, असा आज अनेकांचा समज आहे. मोर्स घेताना पडद्यावर मात्र ई, टी, आय यांची रांग लागते आणि खापर सॉफ्टवेअरवर फुटतं. बहुतेक वेळा ते बिचारं निर्दोष असतं. मोर्समध्ये ई म्हणजे एकच डॉट, टी म्हणजे एकच डॅश. नीरा डाव्या कालव्याच्या काठी कुणी पाण्याची मोटर चालू केली, की स्टार्टरची ठिणगी संगणकाला डॉटच वाटते. उसाला पाणी चाललंय की कुणी ऑपरेटर बोलावतोय, हे त्याला कुठून कळणार!

मिनिटाला २० शब्दांच्या वेगात डॉट ६० मिलिसेकंदांचा असतो, डॅश त्याच्या तिप्पट. संगणक हीच मापं मोजत बसतो. सेटचा एजीसी मंद असेल, तर मोठ्या आवाजामागून येणारा बारीक डॉट गिळला जातो. आरएफ गेन चढवून ठेवला, तर दोन डॉटमधली शांतता गोंगाटानं भरते. गेन उतरवावा, फिल्टर ५०० हर्ट्झवर किंवा त्याहून अरुंद आणावा, आणि साउंडकार्डाची पातळी लाल रेघेच्या बरीच खाली ठेवावी. एवढं करूनही मोर्सची की मारणाऱ्याचा ठेका अडखळता असेल, तर माणसाचा कानच सरस ठरतो.

टेलिटाइपचं गणित वेगळं. तिथे मार्क आणि स्पेस हे दोन सूर, एकमेकांपासून १७० हर्ट्झवर. साउंडकार्डावर बहुधा २१२५ आणि २२९५. वेग ४५.४५ बॉड, म्हणजे एक बिट २२ मिलिसेकंदांचा. डायल जराशी सरकली, की सूर ठरल्या जागेवरून सुटतात. एमएमटीटीवायच्या छोट्या चौकटीत दोन लंबवर्तुळं एकमेकांना काटकोनात छेदू लागली, की सेट जागेवर आला. साइडबँड उलटा असेल तर मार्कचा स्पेस होतो आणि मजकुराचा नुसता काला दिसतो. तिथे नॉब फिरवत बसण्यात अर्थ नाही, 'रिव्हर्स' दाबावं.

एक गंमत खास या पद्धतीची. पाच बिटांत ३२च संकेत मावतात. त्यामुळे अक्षरं आणि आकडे तेच संकेत वाटून घेतात. कुणाची पाळी, ते शिफ्टचा इशारा सांगतो. तो इशारा हवेत हरवला, की ५९९चा रिपोर्ट 'टीओओ' असा उतरतो. मुरलेला चालक ते पाहून लॉगबुकात मुकाट्यानं ५९९ लिहितो.

पाठवताना मोर्समध्ये सेटला मधूनमधून श्वास मिळतो, टेलिटाइपमध्ये लहर अखंड चालू. म्हणून १०० वॉटचा सेट निम्म्यावर आणावा, आणि सूर साउंडकार्डातून जात असतील तर एएलसीचा काटा हलू देऊ नये; नाहीतर शेजारच्या फ्रिक्वेन्सींवरही आपलाच कचरा पसरतो. दुपारच्या प्रात्यक्षिकासाठी जे सेट घेऊन आले आहेत, त्यांनी अँटेना जोडण्याआधी एवढं तपासून घ्यावं. त्यासाठी डमी लोड टेबलाखाली ठेवलेला आहे.