थाळीला पक्ष नसतो



ठाकूरद्वारच्या नाक्यावर सकाळी साडेसात ते नऊ या वेळात जगातला कुठलाही प्रश्न सुटू शकतो. युक्रेनची लढाई कशी थांबवायची, अमेरिकेच्या अध्यक्षानं काय बोलायला नको होतं, भारतीय संघात चौथ्या क्रमांकावर कुणाला पाठवायचं, या सगळ्यांची उत्तरं इथं तयार असतात. चहाचे ग्लास चार आणि पेपर एक. तो चौघांत वाटून घ्यायचा. ज्याच्या वाट्याला जे पान येईल, त्या विषयाचा तो त्या दिवसापुरता तज्ज्ञ. परवा आमच्या चाळीतले आप्पा पश्चिम आशियाच्या प्रश्नावर वीस मिनिटं बोलले. तेलाच्या विहिरी, धर्म, इंग्रजांनी आखलेल्या सीमा, काही म्हणता काही सोडलं नाही. त्यांचं संपल्यावर मी हळूच विचारलं, "आप्पा, आपल्या जिन्यातला दिवा महिनाभर बंद आहे, त्याचं काय करायचं?" आप्पा गंभीर झाले. म्हणाले, "तो विषय फार गुंतागुंतीचा आहे."

गमतीचा भाग सोडा. नाक्यावरच्या या मतांना नावं ठेवायला मी इथं बसलेलो नाही. मत असणं ही आमच्या गिरगावची जुनी खोड आहे आणि ती चांगली खोड आहे. १८९३ साली केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला, तो काही नुसत्या आरतीसाठी नव्हे. शांताराम चाळीच्या पटांगणात टिळकांच्या सभा झाल्या. २० नोव्हेंबर १९५५ ला इथंच चौपाटीवर मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा लोकांनी उधळून लावली, आणि दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटनला गोळीबार होऊन माणसं पडली. संयुक्त महाराष्ट्राचं मत त्याआधी चाळीचाळींच्या गॅलरीत घोळत होतंच. ते जिना उतरून खाली आलं, तेव्हा त्याला इतिहासात जागा मिळाली.

तर आज मला बोलायचं आहे ते या जिन्याबद्दल. गॅलरीतलं मत आणि रस्त्यावर आलेलं मत यांत नेमका फरक कशाचा? यासाठी मी तुमच्या-माझ्या स्वयंपाकघरातली एक वस्तू घेतो. थाळी.

आधी एक सांगतो. जगाच्या बातम्या आपल्या घरात पेपरातून येतात असं आपल्याला वाटतं. माझा अनुभव असा की त्या वाण्याच्या दुकानातून येतात. २०२२ च्या मार्चमध्ये आमच्या शेजारच्या वहिनींनी मला विचारलं, "भाऊजी, ती सूर्यफुलाची लढाई कधी मिटायची हो?" वहिनी चकली-शेवेच्या ऑर्डरी घेतात. मी आधी हसलो, मग लक्षात आलं की बाईंनी बरोबर जागी बोट ठेवलंय. आपल्याकडे येणाऱ्या सूर्यफूल तेलाचा मोठा भाग युक्रेन आणि रशियातून यायचा. काळ्या समुद्रातली जहाजं अडकली आणि इथं ठाकूरद्वारला डबा महागला. ते निस्तरतंय तोवर एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियानं तीनेक आठवडे पामतेलाची निर्यात बंद केली. वहिनींनी नकाशा उघडला नव्हता, पण कढईत काय ओतायचं आणि चकलीचा भाव किती सांगायचा हे त्यांना त्याच दिवशी ठरवावं लागलं. नाक्यावर आम्हा चौघांचं मत चुकलं असतं तर आमचं काही बिघडत नव्हतं. वहिनींचा अंदाज चुकला असता तर महिन्याचं गणित कोसळलं असतं.

म्हणूनच मला नवल वाटत नाही, की जगात जिथं जिथं घरातली माणसं चिडून रस्त्यावर आली, तिथं त्यांच्या हातात भांडी होती. १९७१ च्या डिसेंबरात दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात, सांतियागो शहरात बायका रिकामी पातेली बडवत निघाल्या. सरकार डाव्या विचारांच्या आयेंदे यांचं होतं आणि मोर्चा त्यांच्या विरोधात होता. पुढं लष्करानं सत्ता घेतली, पिनोशे आले. आणि १९८३ साली त्याच देशात पिनोशेंच्या विरोधात पुन्हा पातेली वाजली. २००१ च्या अखेरीस अर्जेंटिनात बँकांतले पैसे अडकले, लोक भांडी वाजवत बाहेर पडले आणि अध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला. आइसलँडमध्ये २००८ साली बँका बुडाल्या, २००९ च्या जानेवारीत तिथल्या थंडीत माणसं संसदेपुढं तवे-पातेली घेऊन उभी राहिली आणि त्याच महिन्यात सरकार पडलं. डावं सरकार, उजवं सरकार, हुकूमशहा, बँकवाले, भांड्यानं कुणाला सोडलं नाही. थाळीला पक्ष नसतो.

आपल्या मुंबईनं हे कुणाकडून शिकायची वाट पाहिली नाही. १९७२ चा दुष्काळ आठवा. गव्हाला किडे, साखर गायब, तेल महाग, आणि रॉकेलच्या रांगेत डबा ठेवून बाईनं घरी जाऊन भात लावून यायचं. त्या वर्षी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी, तारा रेड्डी कम्युनिस्ट. एरवी या पक्षांचे पुरुष एका व्यासपीठावर बसायचे तर खुर्च्यांच्या क्रमावरून वाद व्हायचा. बायका एकत्र आल्या आणि हजारोंनी थाळ्या-लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या.

लाटण्याची गंमत बघा. तोवर मराठी माणसाला लाटणं माहीत होतं ते दिवाळी अंकातल्या हास्यचित्रांतून. रात्री उशिरा येणारा नवरा आणि दाराआड लाटणं घेऊन उभी असलेली बायको. पन्नास वर्षं आपण त्यावर हसलो. तेच लाटणं मंत्र्यांच्या दारात गेलं तेव्हा मात्र कुणाला हसू आलं नाही. पोलीस काठी जप्त करतील, झेंडा जप्त करतील. लाटणं जप्त करून पंचनाम्यात काय लिहिणार?

आता २२ मार्च २०२० या तारखेकडे या. संध्याकाळचे पाच. जनता कर्फ्यू. ठाकूरद्वारच्या सगळ्या गॅलऱ्या भरलेल्या आणि थाळ्यांचा असा दणका, की समोरच्या कौलांवरची कबुतरं उडाली. आमच्या मजल्यावरच्या काकू, तेव्हा ऐंशीच्या पुढच्या, दारात आल्या आणि त्यांनी मला विचारलं, "कुणाच्या विरोधात आहे रे?"

म्हटलं, "विरोधात नाही काकू. आभार मानायचेत. डॉक्टर, नर्स, सफाई कामगार, सगळ्यांचे."

"बरं. आणि मग मागायचं काय?"

"मागायचं काही नाही."

काकू क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "मानू की आभार. राबतायत बिचारे." आत जाऊन थाळी घेऊन आल्या आणि सगळ्यांबरोबर त्यांनीही वाजवली. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालायची पद्धत आहे, तसं त्या थाळीवर काकूंच्या सासूबाईंचं नाव आणि कुणाच्या तरी मुंजीची तारीख होती. कडेला चार-पाच पोचे होते. मी पोच्यांकडे बघतोय हे पाहून काकू म्हणाल्या, "हे त्र्याहत्तर सालचे. तेव्हा आम्ही निघायचो ना, तर पदराच्या टोकाला यादी बांधलेली असायची. माणशी साखर किती, तेल किती, रॉकेल किती. साहेब समोर आला की थाळी थांबायची आणि यादी बाहेर यायची."

मला वाटतं, गॅलरीत आणि रस्त्यात जो फरक मी शोधत होतो तो काकूंनी त्या दोन वाक्यांत सांगितला. आभाराची थाळी वाजवण्यात कमीपणा काही नव्हता. माणसं घाबरलेली होती आणि एकमेकांचा आवाज ऐकून त्यांना धीर आला, हे मी स्वतः पाहिलंय. पण त्यानंतर दोनच दिवसांनी टाळेबंदी लागली आणि ज्यांची थाळी खरोखर रिकामी झाली, ते लोक डोक्यावर बोचकं घेऊन गावाकडं चालत निघाले. त्यांच्याकडे यादी होती. ती वाचायला साहेब समोर नव्हता.

यादी म्हटली की दुसरी गोष्ट येते, ती म्हणजे पदरमोड. मत द्यायला काही लागत नाही. हल्ली तर तोंडही उघडावं लागत नाही, फोनवर अंगठा फिरवला की झालं. आंदोलनाला मात्र एक दिवसाची मजुरी लागते, पाय लागतात. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून हजारो शेतकरी, त्यांत आदिवासी पुष्कळ, जवळजवळ १८० किलोमीटर चालत मुंबईला आले. सोमय्या मैदानावर पोचले आणि त्यांना कळलं की सकाळी दहावीची परीक्षा आहे, पोरांना पोचायला उशीर होईल. ती माणसं विश्रांती न घेता मध्यरात्रीनंतर पुन्हा उठली आणि रातोरात आझाद मैदानापर्यंत चालत गेली. पायांना फोड आले होते. मुंबईकरांनी सकाळी पाणी, बिस्किटं, चपला आणून दिल्या. ज्या शहराकडं दाद मागायला आलो त्याचीच पोरं अडू नयेत म्हणून स्वतःचे पाय झिजवायचे, यापेक्षा मोठी मागणी-पत्राची प्रस्तावना मला माहीत नाही.

आता नाक्यावरचे आप्पा विचारतील, "पण उपयोग काय झाला?" प्रश्न रास्त आहे. त्या शेतकऱ्यांना लेखी आश्वासन मिळालं आणि पुढच्याच वर्षी त्यांना पुन्हा चालायला निघावं लागलं. १५ फेब्रुवारी २००३ ला इराकवरच्या युद्धाविरुद्ध जगभरच्या शहरांत लाखो माणसं एकाच दिवशी रस्त्यावर आली, आणि २० मार्चला युद्ध सुरू झालं ते झालंच. आपल्या लाटणं मोर्चानंतरही १९७४ साली महागाई आणखी भडकली, कारण तिकडं अरब देशांनी तेलाचा भाव वाढवला होता.

पण हिशेब तेवढ्यावर मिटवू नका. ज्या बाईनं आयुष्यात वाण्याशी घासाघीस सोडून वाद घातला नव्हता, ती मंत्र्याला भाव विचारून आली. ती परत घरी गेली ती वेगळी होऊन गेली. १९७७ साली मृणालताई आणि अहिल्याताई दोघी मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या. गोरेगावच्या नळांसाठी भांडलेल्या मृणालताईंसाठी तेव्हा घोषणाच झाली होती, 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात'. ती निवडणूक रांगेतल्या डब्यांपासून सुरू झाली होती, असं मी म्हणतो.

आणि अगदी दाराशी बघायचं तर आमच्या गिरगावचंच बघा. २०१५ च्या सुमाराला भुयारी मेट्रोसाठी इथल्या काही चाळी जाणार म्हणून रहिवासी रस्त्यावर आले. मेट्रो नको म्हणणारे त्यांत होते, तसे हवी म्हणणारेही होते. पण यादीत एक ओळ सगळ्यांची सारखी होती, घर द्यायचं ते गिरगावातच द्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये गिरगाव स्थानकावर गाडी आली. आता नाक्यावर मेट्रोबद्दल रोज नवं मत ऐकू येतं, एसी किती गार आणि सरकते जिने किती उंच. ज्यांनी त्यासाठी पिढ्यांची घरं रिकामी केली, त्यांची ती एक ओळ अक्षरशः पाळली जाते की नाही, यावर लक्ष ठेवणं हेही आपल्याच नाक्याचं काम आहे.

तेव्हा श्रोतेहो, मतं जरूर द्या. युक्रेनवर द्या, अमेरिकेवर द्या, चौथ्या क्रमांकाच्या फलंदाजावर तर द्याच. फक्त चहाचा ग्लास खाली ठेवताना एवढं बघा, की आपल्या पदराला यादी आहे का. नसली तर करायला घ्या. आमच्या चाळीची मी केली आहे. पहिल्या क्रमांकावर जिन्यातला दिवा आहे, आणि त्याखाली पहिली सही आप्पांची घेतली आहे.