कादंबरी वाचणे म्हणजे वेळ दवडणे नव्हे
(मार्कंडा येथील स्नेहमेळाव्यातील भाषण)



आम्ही बँकेत कारकून. दिवसभर आकड्यांशी गाठ. तरीही संयोजकांनी आम्हाला वाचलेल्या कादंबऱ्यांवर बोलायला सांगितले, याचा आनंद वाटतो. आम्ही समीक्षक नाही. जे आवडले तेवढेच सांगू.

आमच्या घरी कादंबरी म्हणजे चैन समजली जाई. वडील म्हणत, “आधी पोटाचे पुस्तक वाच.” त्यांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूरला बाबासाहेबांनी दीक्षा दिली, त्यानंतर आपल्या घराघरांत पाटी-पुस्तक आले ते नोकरीच्या आशेने. पण आज नोकरी लागलेल्या आमच्या पिढीच्या घरीसुद्धा गाईड आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तके सोडून दुसरे पुस्तक दिसत नाही, हे मनाला लागते. बाबासाहेब मॅट्रिक झाले तेव्हा केळुसकर गुरुजींनी त्यांना आपले बुद्धचरित्र भेट दिले. ते काही परीक्षेचे पुस्तक नव्हते!

पहिली शिफारस अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ची. १९५९ साली आलेली ही कादंबरी अण्णा भाऊंनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे. दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा हा नायक. गेल्या पावसाळ्यात आम्ही ती आईला रोज रात्री वाचून दाखवली. आई अंगठा लावून पेन्शन उचलते. एका रात्री वीज गेली आणि वाचन थांबले. आई अंधारात बसून राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, “त्याले धरलं का रे बाबू?” कंदील लावून आम्हाला पुढचे प्रकरण वाचावेच लागले. शेवट आम्ही येथे सांगणार नाही.

दुसरी उद्धव शेळके यांची ‘धग’, १९६० सालची. कौतिक ही शिंप्याच्या घरची बाई. संसार सावरता सावरता झिजते, पण हटत नाही. आम्ही कॉलेजात होतो तेव्हा आमच्या बोलण्यातला ‘ले’ आणि ‘न’ ऐकून वर्गातली मुले हसत. आम्ही बोलणेच कमी केले होते. मग ‘धग’ हाती आली. त्यातली वऱ्हाडी आपल्या झाडीबोलीहून वेगळी, पण तीही पुस्तकी नव्हे, घरातली बोली. ती छापलेली पाहून आमची मान वर झाली. विद्यार्थ्यांनो, तुमच्या बोलण्याला कोणी हसले तर ही कादंबरी वाचा.

तिसरी आपल्या जिल्ह्याची. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात काम केलेल्या विलास मनोहर यांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’. भामरागडच्या जंगलातला एक माडिया तरुण त्या वाटेला कसा लागतो, याची ही कथा. वाचून आपण त्या वाटेचे समर्थक होत नाही. पण बातमीतला एक आकडा आपल्यापुरता माणूस होतो. आकड्यांतच जगणाऱ्या आम्हाला हे फार जाणवले.

चौथी कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’. तिला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणासाठी गाव उठले, माणसे दुसरीकडे गेली, म्हैस मात्र मागे जंगलात राहिली. तिला आणायला निघालेल्या माणसाची ही गोष्ट. कोल्हापूरकडची भाषा सुरुवातीला अडते. वीस पाने धीर धरा. आपल्या याच वैनगंगेवर वर गोसीखुर्दला धरण झाले, तेव्हाही गावे उठली. ही गोष्ट आपल्याला परकी वाटणार नाही.

सगळेच गंभीर नको! मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ घ्या. नववीतला मुकुंद, त्याचे मित्र, शिरोडकर नावाची मुलगी आणि बाहेर आणीबाणीचा काळ. आम्ही बसमध्ये वाचताना मोठ्याने हसलो, वाहक बघत राहिला. आमच्या कन्येने ती आमच्या आधी लपून वाचली होती, हे नंतर कळले. आम्ही रागावलो नाही. त्या दिवशी पहिल्यांदा बाप-लेक एका पुस्तकावर तासभर बोललो.

मित्रहो, परीक्षेचे पुस्तक आपल्याला पुढे नेते, ते हवेच. पण दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहायला कादंबरी शिकवते. करुणा शब्दाचा आणखी वेगळा अर्थ आम्हाला ठाऊक नाही.

एक विनंती. विहारात एक लहान कपाट करावे. या पाचही कादंबऱ्यांच्या आमच्या प्रती आम्ही आजच समितीकडे देत आहोत. वर्गणी नको, अट एकच : पुस्तक परत करताना ते घरी कोणाला वाचून दाखवले, एवढे वहीत लिहावे. आईचे नाव आले तर आम्हाला अधिक आनंद होईल.