दूधगंगेचा डोह आणि शहरातला तलाव



जलतरण तलावावर बोला, असं मंडळाने सुचवलं तेव्हा आम्हाला जरा हसूच आलं. आम्ही सदलग्याचे. लहानपणी आमचा तलाव म्हणजे दूधगंगा, नाहीतर उसाच्या रानातली विहीर. घायपाताच्या वाळक्या दांड्यांचा बिंडा कमरेला बांधायचा आणि चुलत्याने काठावरून ढकलून द्यायचं. फी नाही, कोच नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात बिंडा सुटायचा आणि आम्ही थारोळ्यावरून मुटके मारायला मोकळे.

पण सातवीत असताना आमच्या वर्गातला एकजण विहिरीतून वर आलाच नाही. काठावर आम्ही तिघे उभे होतो. तिघांनाही पोहता येत होतं, मात्र बुडणाऱ्याला धरायचं कसं, हे कुणी शिकवलं नव्हतं. आणि मुलींना तर पाण्यात कुणी उतरवलंच नाही. नदीवर धुणं धुण्यात जन्म गेलेल्या आमच्या आईला शेवटपर्यंत पोहता आलं नाही.

बेळगावला गोवावेसच्या सार्वजनिक तलावात आमच्या दोन्ही मुली शिकल्या. तिथे खोली आकड्यात लिहिलेली असते, काठावर जीवरक्षक असतो. आमच्या मते तलावाचं खरं मोल तेवढंच. पदकं नंतर. तीही याच मातीतली. पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९७२ साली हायडेलबर्गला पॅरालिम्पिकचं सुवर्ण घेऊन आले. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१० च्या आशियाई स्पर्धेत कांस्य मिळवलं. पुढे तो तहसीलदार झाला, म्हणून आम्हा सरकारी माणसांना त्याचं जरा जास्तच कौतुक!

गावात तलाव हवा म्हटलं की लोक पाण्याचं विचारतात. डिप्लोमावाल्याची खोड, हिशेब करून पाहिला. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल तलावात साधारण पावणेपाच लाख लिटर पाणी मावतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला गेलेल्या पहिल्या पाणीरेल्वेत साधारण तेवढंच होतं. म्हणजे प्रश्न चुकीचा नाही. पण तलावाचं पाणी रोज बदलत नाहीत. गाळून, क्लोरिन घालून तेच फिरवतात. अवघड असतं ते पुढचं. बांधकामाला अनुदान मिळतं, फित कापायला माणसं मिळतात. फिल्टर सांभाळणाऱ्याचा पगार दहा वर्षं कुठून द्यायचा, ते अंदाजपत्रकात कुणी लिहीत नाही. आम्ही अशीच अंदाजपत्रकं करत आलो, त्यामुळे दोष आमचाही आहे.

ऑगस्ट २०१९ च्या पुराने तर आमच्या पोहण्याची घमेंडही उतरवली. त्या पाण्यात पट्टीचा पोहणाराही घाटाकडे फिरकला नाही.

गेल्या वर्षी विसर्जनाला गावी गेलो होतो. धाकटीने विचारलं, "बाबा, मूर्ती घेऊन मी पाण्यात उतरू? मला येतं की." नदी दोन्ही काठ भरून चालली होती. तलावात ओढ नसते, नदीला असते, एवढंच आम्ही म्हणालो आणि तिचा हात धरून ठेवला. ती घरी येईपर्यंत बोलली नाही. यंदा पुन्हा विचारणार आहे, असं तिने श्रावणातच सांगून ठेवलंय.