दिवा खरंच मंद झाला होता
('गॅसलाइट' हा चित्रपट दाखवल्यानंतर केलेले भाषण)



शेवटी पॉला हातात सुरी घेऊन नवऱ्यासमोर उभी राहिली, तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मीही वाजवल्या. तरी हा शेवट मला पुरता पटलेला नाही. त्याविषयीच बोलते.

चित्रपट १९४४ चा, जॉर्ज क्युकरचा. मूळ नाटक पॅट्रिक हॅमिल्टनचं, १९३८ चं. लंडनचं धुकं, जिना, सावल्या, सगळंच देखणं. इंग्रिड बर्गमनला ऑस्कर मिळालं ते उगाच नाही. पण आपल्या कामाचं आहे ते ग्रेगरीचं तंत्र. तो मारहाण करत नाही. ब्रोच लपवतो आणि तू विसरतेस असं मायेनं सांगतो. भिंतीवरचं चित्र काढतो, आळ तिच्यावर. चारचौघांत रडवतो, मग आजारी म्हणून घरात कोंडतो. रात्री माळ्यावर तो तिच्या मावशीचे दागिने शोधतो. तिथला दिवा पेटला की खाली तिच्या खोलीतला मंद होतो. तिला ते दिसतं, पण विश्वास उडतो तो स्वतःच्या डोळ्यांवरचा.

आमच्या केंद्रात बाई येते तेव्हा कितीदा तरी पहिलं वाक्य असतं, "ताई, माझंच काही चुकत असेल."

मला सगळ्यात टोचली ती स्वयंपाकीण एलिझाबेथ. घरी माणूस आलेला असतो. पण पॉलाला त्रास होऊ नये म्हणून ती मालकाला सांगते, कुणी आलं नव्हतं. झालं! पॉलाला वाटतं, आपल्याला भासच झाला. वाईट हेतू नसलेल्या शेजारणी, जावा, आयासुद्धा हेच करतात.

आता शेवट. बांधलेला नवरा दोर कापायला सांगतो, तेव्हा ती म्हणते, मी तर वेडी, मला सुरी दिसतच नाही. त्याचंच हत्यार त्याच्यावर. हे मला फार आवडतं. पण त्याआधी स्कॉटलंड यार्डचा कॅमेरॉन येतो, दिवा मंद होताना पाहतो, आणि मगच ती शहाणी ठरते. शिवाय नवरा निघतो खुनी आणि चोर. आपल्याकडचा नवरा बहुधा यातलं काहीच नसतो. माळ्यावर दागिने नसतात. त्याला फक्त ती गप्प हवी असते. अशाला कुठला कॅमेरॉन पकडणार?

१९८३ साली आलेल्या ४९८ अ मध्ये मानसिक आरोग्याला धोका पोचवणंही क्रूरता मानलं होतं. २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेच्या ८५ आणि ८६ कलमांत आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात भावनिक छळ स्पष्टच लिहिलाय. तरी चौकीत विचारतात, "मारलं का? वळ दाखवा."

म्हणून आम्ही वही लिहायला सांगतो. तारीख, काय घडलं, कुणाला सांगितलं. एकीनं विचारलं, "आणि वही त्याला सापडली तर?" तिची वही आता आमच्या कपाटात असते. दर गुरुवारी बाजाराला येते तेव्हा पाच मिनिटं बसून लिहिते.